माधवनगरचा तो एक गोल

आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझं पोट फुगेल. टायपिंग क्लासचे सर जेवायला गेलेत, मशीन मोकळं आहे, आणि हा कागद मी संध्याकाळी वाचनालयाच्या फळ्यावर लावणार आहे. चुका झाल्या तर झाल्या, बोटं थांबत नाहीत. कारण सकाळपासून राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जो भेटतो तो दात काढून विचारतो, "काय रं, हरून आला म्हनं?" व्हय, हरून आलो. दोन्ही दिवस हरलो. पण काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्ही माधवनगरला गेलेला नाही. म्हणून ऐका.

पहिल्यांदा आमची टीम. साताऱ्यात सगळी पोरं तालमीत जातात नाहीतर हुतुतू खेळतात, आम्ही अकराजण फुटबॉल खेळतो. त्याला कारण दत्तूचे काका. ते फौजेत हवालदार होते, गुडघा मोडून घरी आले, येताना पलटणीतला एक खरा चामड्याचा बॉल घेऊन आले. दत्तू आमचा कॅप्टन. भिकू गोलकीपर. हे दोघे आणि मी तिसरीपासूनचे दोस्त. खेळतो आम्ही जीव तोडून, पण सबंध वर्षात आमच्याकडून एक गोल झालेला नाही. एकसुद्धा. शेवटी हवालदारकाकांचं डोकं फिरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं.

"जवान लोक, ऐका. जितून या आसं मी म्हनत न्हाई. तेवडी माजी उमेद न्हाई. पर एक गोल करून आना. एक! न्हाई जमलं, तर हा बॉल माज्या ट्रंकंत जाईल आनि किल्ली जानव्यागत गळ्यात बांदीन."

दुसरा बॉल आमच्याकडे नाही आणि मिळणार पण नाही. म्हणजे गोल नाही तर टीम नाही. इतकं सरळ होतं.

शुक्रवार, सातारारोड ते माधवनगर

माधवनगर का? तर तिथं भिकूचे मामा मिलमध्ये फिटर आहेत, त्यांनी मिलच्या पोरांशी शनिवार-रविवार अशा दोन मॅची ठरवल्या होत्या. आणि खरं सांगू? आम्हाला मॅचइतकीच ओढ आगगाडीची होती. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या साताऱ्याला गाडी येत नाही, स्टेशन दहा मैलांवर. त्यामुळे गाडी म्हटलं की आम्ही खुळे होतो. सुट्टीच्या दिवशी सायकली हाणत सातारारोडला जायचं, पुलावर बसायचं, दोन गाड्या बघायच्या आणि परत यायचं, हा आमचा चार वर्षांचा नेम. भिकू तर त्याच्या पुढचा. त्याच्या घरी पत्र्याचं काम, कंदील-बत्त्या बनवतात. त्याने स्वतःच्या हाताने एक इंजिन केलंय, हातभर लांब. बॉयलर म्हणजे हवालदारकाकांच्या मोडक्या बॅटरीचं पितळी नळकांडं. चाकं भोकाच्या पैशांची, मागून पत्र्याची चकती डागलेली. खाली स्पिरिटचा दिवा. शिट्टीसुद्धा आहे! फक्त ते कधी चाललं नाही आणि शिट्टी कधी वाजली नाही. पाणी उकळलं की सगळ्या सांध्यांतून वाफ फुसफुसते आणि इंजिन जागेवर घाम पुसत उभं राहतं. आमच्या टीमसारखंच.

ते इंजिन मामांना दाखवायला भिकूने धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. सर्व्हिस मोटारीतून सातारारोड, तिथून गाडी. डब्यात एका आजीबाईंनी विचारलं, "बाळ केवड्याचं हाय?" भिकू म्हणाला, "दोन वर्सांचं, पर अजून चालत न्हाई." आजीबाईंनी कपाळाला हात लावला आणि तोडगा सांगितला.

कराड गेलं, ताकारी गेलं, आणि मला एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटायला लागलं. डोंगरच नाही! आपल्याला सवय पाठीशी अजिंक्यतारा असायची, मान वर केली की किल्ला. इथं मान वर केली की आभाळ, आणि खाली काळी जमीन, शाळू कमरेएवढा. माधवनगर तर पट्टीने आखून काढल्यासारखं, रस्ते सरळच्या सरळ. आपल्याकडे सरळ रस्ता दाखवा बरं एक! इथं चढ-उतार नाही म्हणून नाना म्हणाला, "ह्यांच्या पोरांचं पाय लाडावल्यालं आसनार, उद्या आपुन जितलो." नाना म्हणजे आमचा सर्वात जाड खेळाडू आणि सर्वात मोठा आशावादी.

मामांच्या घरी पाऊल टाकलं आणि आम्ही अकराजण दारातच थिजलो.

अंगणभर रेल्वे! कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्या उभ्या करून त्याचे रूळ. खाली बांबूच्या कामट्यांचे स्लीपर. तुळशीला वळसा घालून, न्हाणीच्या दगडावरून पूल, आंब्याच्या मुळाखालून बोगदा. आणि स्टेशनं! प्रत्येकावर पिवळी पाटी, काळी अक्षरं, आमचं सातारारोडसुद्धा. गाडीला इंजिन होतं मोडक्या ग्रामोफोनच्या स्प्रिंगचं. किल्ली दिली की डबे ओढत तुळशीभोवती फिरून मिरजेला येऊन थांबायचं.

"पाय बगून टाका रं," मामा ओरडले. "कराडवर पाय दिलास!"

मी कराडवरून उडी मारली ती थेट ताकारीत.

मामी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का, ओट्यावरून म्हणाल्या, "धा वरसं झाली, मला माज्याच अंगणात लाइन किलेर मिळंना. वाळवण घालायचं तर ह्येंची गाडी यायची आसती."

आम्ही कंदी पेढ्यांची पुडी दिली. त्यांनी जेवायला घातलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शाळूची कडक भाकरी, वरून तीळ लावलेली, पापडासारखी मोडायची. आपल्याकडे भाकरी कडक झाली तर घरात बोलणी बसतात. इथं मुद्दाम करतात, महिनाभर ठेवतात! शेंगांची चटणी, दही, भरलं वांगं. नानाने अकरा खाल्ल्या. मोजायला मी नव्हतो, अक्काच मोजत होत्या, आणि मोजून खूश होत होत्या.

शनिवार, पहिली मॅच

आता लाज वाटते पण सांगतो. मिलच्या मागचं मैदान, आणि मैदानाला लागून, अगदी लागून, रेल्वेलाइन. बघताक्षणी दत्तूच्या तोंडाचं पाणी पळायला पाहिजे होतं. पण तो म्हणाला, "आयला, काय झकास जागा हाय!"

आम्ही सगळे अनवाणी, ते पण अनवाणी. त्यांचा गोलकीपर इराप्पा, मिलमध्ये गाठी उचलतो, हात असे की बॉल त्यात लिंबासारखा दिसतो. सुरुवात बरी झाली. दहा मिनिटं आम्ही त्यांना हलू दिलं नाही. आणि मग लांबून शिट्टी झाली.

मी कोणाला दोष देत नाही. माझी स्वतःची मान पहिल्यांदा वळली. नुसतं इंजिन होतं, डब्याशिवाय, उलटं चाललेलं! उलटं चाललेलं इंजिन सातारारोडच्या पुलावरून चार वर्षांत आम्हाला दोनदा दिसलंय. अकराच्या अकरा माना तिकडे. मागे टाळ्या पडल्या तेव्हा कळलं की गोल झाला. बॉल भिकूच्या पायाशेजारून गेला होता आणि भिकू हात हलवून ड्रायव्हरला रामराम करत होता.

"गाडीकडं बगायचं न्हाई!" दत्तू खेकसला.

दुसरी गाडी आली तेव्हा दत्तूच म्हणाला, "ए, मेल!" दुसरा गोल. तिसरी मालगाडी, लांबलचक. आम्ही डबे मोजत होतो, तिसाव्या डब्याला तिसरा गोल. तो अडवायला भिकूने उशिरा उडी मारली आणि खांबाच्या पायथ्याला अंगठा आपटून घेतला. नख उभं राहिलं.

माधवनगरची पोरं हसून हसून लोळत होती. इराप्पा माझ्याजवळ येऊन अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्या गावात गाडी न्हाई काय रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

"आयाया," तो म्हणाला. मला त्यात चेष्टा दिसली नाही. कुणाच्या घरी पाणी नाही म्हटल्यावर माणूस जसं म्हणेल तसं म्हणाला.

संध्याकाळी दत्तू जेवायला बसेना. बॉल मांडीवर घेऊन आंब्याखाली बसला. "आता फकस्त उद्याचा दिस हाय," एवढंच म्हणायचा. मामांनी खडू घेतला आणि न्हाणीच्या भिंतीवर उद्याच्या मॅचच्या वेळात येणाऱ्या गाड्या लिहून काढल्या. पाठ आहेत त्यांना, मिनिटासकट.

"ह्या तीन येनार. टायमात येनार. शिट्टी झाली की समद्यांनी खाली, आपल्या पायाकडं बगायचं. मान वर केली त्येला अक्का भाकरी देनार न्हाई."

"पर मामा," नाना म्हणाला, "पायाकडं बगितल्यावर म्होरचं दिसायचं कसं?"

"आज सगळं दिसत हुतं. काय उजेड पाडलासा?"

मग मामांनी भिकूचं फडकं सोडलं. इंजिन हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना रडू येतंय. भोकाच्या पैशाच्या चाकावरून त्यांनी बोट फिरवलं. "हे तू केलंस? हातानं?" भिकू अंगठ्याला हळद लावून बसला होता, त्याने मान हलवली. "आरं, मी धा वरसं स्प्रिंग गुंडाळतोय. वाफंचं करायचं धाडस मला न्हाई झालं." दिवे लागले तसे ते दोघे चुलीजवळ पत्र्याचं दुकान मांडून बसले. आधी लागलेला सगळा कथलाचा डाग मामांनी काढून टाकला आणि सांधे पितळेने नव्याने जोडायला घेतले. फिटर माणसाचे हात बघावेत! घाई नाही, थरथर नाही. मी बघत राहिलो आणि मॅच हरल्याचं तासभर विसरून गेलो.

रविवार, सांगली आणि दुसरी मॅच

सकाळी इराप्पा दारात हजर. "चला, सांगली दावतो."

नाना माझ्या कानात म्हणाला, "आपल्याला दमवायला न्यायला आलाय." भिकूला अंगठ्यामुळे मामांजवळ ठेवून तीन मैल चालत गेलो, पण सांगितलंच पाहिजे, कृष्णेचं ते पात्र बघून मी पायरीवरच बसलो. आपल्या माहुलीला पोहून पलीकडे जाता येतं ती हीच कृष्णा! घरची पोरगी सासरी जाऊन मोठी बाई झालेली दिसावी तसं वाटलं. घाटावर डुंबलो. मग इराप्पाने हरिपुराकडे नेलं आणि एका मोकळ्या माळावर उभं केलं.

"काय दिसतंय?"

"माती," आम्ही म्हणालो.

"तुमी हळदीवर हुबं हाय."

खालच्या मातीत पेवं आहेत, खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते, वरून काही कळत नाही! नाक जमिनीला लावलं तर वास येतो असं तो म्हणाला. आम्ही दहाजण गुडघ्यावर बसून माती हुंगायला लागलो तसा इराप्पा खो खो हसला. वास येत नव्हता. पण येताना त्याने स्वतः बोलून आम्हा सगळ्यांना दोन टांग्यांत कोंबलं. "दमलेल्या टीमला हरवून काय मजा," म्हणाला. नानाने माझ्याकडे बघितलं नाही.

मॅच. भिकूचा अंगठा सुजला होता, म्हणून गोलात नाना. आमच्याकडून खेळायला मिलचंच एक पोरगं दिलं त्यांनी. भिकू आणि मामा इराप्पाच्या गोलामागे लिंबाच्या सावलीत बसले. मैदानात सावली तेवढीच. भिकूच्या मांडीवर इंजिन होतंच.

पहिली गाडी आली. शिट्टी! आम्ही सगळे खाली, आपापल्या पायांकडे. रुळांचा आवाज येतोय, धूर नाकात जातोय, आणि मान वर करायची नाही. काय हाल होतात ते ज्याचे होतात त्यालाच कळतात. पण गोल झाला नाही! दुसरी गाडी. खाली बघ. नाही झाला! प्रेक्षकांना काही समजेना. एक म्हातारबा म्हणाले, "ह्या पोरांचं काय हारवलंय काय?" नानाने तर असे बॉल अडवले की विचारू नका. अडवायचं काही नव्हतं, तो उभा राहिला की निम्मा गोल भरायचा. तरी उरलेल्या निम्म्यातून त्यांनी दोन घातले, चोख, गाडी नसताना. त्याला इलाज नव्हता.

शेवटची पाच मिनिटं. दोन-शून्य. माझ्या डोळ्यासमोर ट्रंकेचं कुलूप.

तेवढ्यात तिसरी गाडी. आणि ती भिंतीवर लिहिलेली गाडी नव्हती! लढाई संपून फौजेची माणसं घरी परतताहेत, त्यांची स्पेशल. दोन इंजिनं जोडलेली! मला कसं कळलं? दोन वेगळ्या शिट्ट्या झाल्या. डब्यांतून जवान ओरडत होते, कुणी पत्रे बडवत होतं. दोन इंजिनं, आणि मी माझ्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होतो! दत्तू माझ्यापुढे चार हातांवर, तोही खाली बघत. आमच्याकडून खेळणाऱ्या मिलच्या पोराने बॉल माझ्याकडे ढकलला. मी पायाकडे बघत होतो म्हणून मला तो दिसला. मला पुढे दोन पाय दिसले, आमच्या दत्तूचेच, डाव्या घोट्याला काळा दोरा, तिकडे ढकलला.

आणि त्याच वेळी एक तिसरीच शिट्टी झाली. बारीक, तीक्ष्ण, जत्रेतल्या पिपाणीसारखी. लिंबाखालून.

दत्तूच्या पायाशी बॉल आला. त्याला गोल दिसत नव्हता, कीपर दिसत नव्हता, फक्त बॉल दिसत होता. त्याने डोळे मिटून हाणला.

मी मान वर केली तेव्हा बॉल गोलात लोळत होता. आणि इराप्पा? इराप्पा आमच्याकडे पाठ करून उभा होता! ज्याने जन्मात खऱ्या गाडीकडे मान वळवली नाही तो लिंबाखालच्या हातभर इंजिनाकडे तोंड वासून बघत होता. मामांनी सकाळी शेवटचा डाग दिला होता, भिकूने सहज दिवा पेटवून बघितला होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती शिट्टी वाजली होती.

आम्ही नाचायला लागलो. नाना गोल सोडून अख्खं मैदान पळत आला. पण दत्तूला कुणीतरी कसं झालं ते सांगितलं आणि तो तिथल्या तिथं थांबला. पंच होते मिलमधले एक कारकून. त्यांच्याकडे जाऊन म्हणाला, "सायब, ह्यो धरू नका. त्येचं ध्यान न्हवतं."

मला त्याच्या पाठीत घालावीशी वाटली. एक वर्ष! एक गोल! पंचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

तेव्हा इराप्पा आला. बॉल उचलून काखेत धरला. "का धरू नका? काल तुमी गाडी बगत हुता तवा आमी तीन घातलं. ते धरलं का न्हाई?"

"धरलं," दत्तू म्हणाला.

"मग? माजी मान वळली, माजा गोल गेला. हिशेब कसला त्यात?" आणि पंचांकडे वळून, "मांडा सायब." मग भिकूकडे बघून त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "पर आता मॅच ऱ्हाऊ द्या जरा. ते पुन्यांदा वाजीव की गड्या."

खरं सांगतो, उरलेली तीन मिनिटं कुणी खेळलंच नाही. बावीस खेळाडू आणि पंच लिंबाखाली उकिडवे बसले होते.

सोमवार, सातारा

काल, म्हणजे सोमवारी, घरी आलो. थेट हवालदारकाकांकडे. ते ट्रंक उघडी ठेवूनच बसले होते. बॉल मागून घेतला, मांडीवर ठेवला.

"किती?"

"एक," दत्तू म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. सगळं! शिट्टी, मान, इराप्पा, काही ठेवलं नाही. मी त्याला चिमटे काढत होतो तरी. काका ऐकत राहिले. मिशी हलली नाही.

"म्हंजे बॅटरीच्या नळकांड्यानं गोल केला. माज्या बॅटरीच्या."

"व्हय काका."

"वाजवून दाव."

भिकूने फडकं सोडलं, पाणी भरलं, दिवा पेटवला. काकांनी बॉल बाजूला ट्रंकेवर ठेवला आणि गुडघा धरून खाली वाकले. वाफ धरली. चाकं फिरली. शिट्टी झाली, आणि काका आणखी खाली वाकले, अगदी नाक इंजिनाला लागेपर्यंत.

दत्तूने माझ्याकडे बघितलं. मी बॉल उचलला. आम्ही पायाचा आवाज न करता बाहेर पडलो आणि गोलबागेपर्यंत पळत सुटलो.

अर्ध्या तासाने भिकू लंगडत आला. काका अजून वाकूनच आहेत म्हणाला, आणि इंजिन त्यांनी ठेवून घेतलंय, उद्यापर्यंत.

सर आले, जिन्यात चपला वाजल्या. एवढंच सांगा, खालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलने लिहिलंत तरी चालेल. बघायचं नाही असं पक्कं ठरवून तुमची मान कधी वळलीय का? आणि वळली तेव्हा मागून काय गेलं?